अर्ज म्हणजे वचन

२०२४ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. रविवारची उपासना संपली, लोक पायऱ्या उतरू लागले, आणि आमच्या बेळगावच्या मंडळीतील एक गृहस्थ हातात वही घेऊन माझ्यापाशी आले. त्यांच्या मागे त्यांची मुलगी उभी होती. ही मुलगी आमच्या शब्बाथ शाळेत लहानाची मोठी झाली. पाठांतराच्या स्पर्धेत ती कधी पहिली आली नाही; पण तिला सांगितलेले काम दुसऱ्यांदा सांगावे लागले, असेही कधी झाले नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल नुकताच लागला होता. तिला ७२० पैकी ४६८ गुण मिळाले होते.

"मास्तर, मुलगी पात्र ठरली," वडील म्हणाले, "पण अर्ज कोठे कोठे करावा ते कळेना. आणि मंडळीचे एक पत्रही लागेल."

त्यांनी वही उघडून दाखवली. नऊ नावे होती. सरकारी महाविद्यालय, खाजगी महाविद्यालय, अभिमत विद्यापीठ, ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय, परदेशातील दोन विद्यापीठे, दंतवैद्यकी, आयुर्वेद, आणि शेवटच्या ओळीत "नाहीतर एक वर्ष पुन्हा". ज्याने जे सुचवले ते त्यांनी लिहून घेतले होते. मी मुलीकडे पाहिले. ती वहीकडे पाहत नव्हती, चर्चच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाकडे पाहत होती.

मी त्यांना म्हटले, "बुधवारी प्रार्थनासभेनंतर घरी या. येताना एक काम करून या. प्रत्येक नावापुढे एवढेच लिहा की, येथे अर्ज करताना आपण कोणाला कोणते वचन देत आहोत."

त्यांना ते चमत्कारिक वाटले. वाचकांपैकी काहींनाही वाटेल. अर्ज म्हणजे मागणे. त्यात वचन कोठून आले? आज मला याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण हा प्रश्न एका घरचा नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवे, जेथे जेथे आपली मराठी मंडळी आहे, तेथे तेथे दर वर्षी जूनमध्ये कोणी ना कोणी अशी वही घेऊन पाळकसाहेबांच्या किंवा एखाद्या वडिलांच्या दारी उभा असतो.

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. कारण पुष्कळशा चुकीच्या निर्णयांचे मूळ चुकीच्या आशेत असते. २०२४ साली या परीक्षेला सुमारे २३ लाख मुले बसली. त्यांपैकी सुमारे १३ लाख मुले पात्र ठरली. आणि एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून एक लाखाच्या थोड्या वर. त्यांपैकी सरकारी महाविद्यालयांतील जागा साधारण निम्म्या. म्हणजे 'पात्र' या शब्दाचा अर्थ, रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळाली, इतकाच आहे. घरात पेढे वाटले जातात ते या परवानगीबद्दल, आणि पुढे जो दोष मुलीच्या माथी येतो तो रांग लांब आहे याबद्दल. हे न्यायाचे नव्हे.

दुसरे असे की, नुसत्या गुणांवरून काही कळत नाही. २०२४ साली पहिल्या क्रमांकावर ७२० पैकी ७२० गुण मिळवणारी अनेक मुले होती. २०२५ साली पेपर कठीण निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ गुण होते. एका वर्षीचे ४६८ आणि दुसऱ्या वर्षीचे ४६८ यांची किंमत एक नव्हे. म्हणून शेजारच्या मुलाला मागे इतक्या गुणांवर प्रवेश मिळाला होता, हे ऐकून वहीत नाव लिहू नये. त्या त्या वर्षीचा क्रमांक पाहावा.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांच्या विशेष उपयोगाची आहे. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के त्या त्या राज्यातील मुलांसाठी असतात. राज्याचा हक्क ठरवताना मूल त्या राज्यात किती वर्षे शिकले, दहावी-बारावी कोठे झाली, रहिवास कोठला, हे पाहतात. घरी मराठी बोलतो, आजोळ कोल्हापूरचे आहे, एवढ्याने इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मुलाला महाराष्ट्राच्या कोट्यात हक्क पोहोचत नाही. सीमाभागातील मराठी मुलांसाठी महाराष्ट्र सरकार काही थोड्या जागा राखून ठेवते. परंतु त्यालाही ठरलेली गावे आणि ठरलेले दाखले आहेत. हे नियम दर वर्षी मूळ पुस्तिकेत वाचावेत. ऐकीव माहितीवर विसंबून पुष्कळांची वर्षे गेली आहेत.

आता वचनाकडे वळू.

बुधवारी वडील, आई व मुलगी तिघेही आली. आई एका इस्पितळात तीस वर्षे नर्स आहेत. वहीत नऊ नावांपुढे जागा मोकळी होती, फक्त एका ठिकाणी मुलीच्या अक्षरात लिहिले होते: "आप्पांच्या जमिनीचे काय?"

ते नाव अभिमत विद्यापीठाचे होते. या विद्यापीठांत वर्षाची फी कोठे कोठे वीस लाख रुपयांच्या पुढे आहे. साडेचार वर्षांचा हिशेब केला तर नव्वद लाखांच्या वर जातो. वसतिगृह, पुस्तके वेगळी. खानापूर तालुक्यातील थोडी जमीन विकायची आणि उरलेले कर्ज काढायचे, असा वडिलांचा बेत होता. मी त्यांना विचारले, "जमीन कोणाची?" ते म्हणाले, "माझी." आई हळूच म्हणाल्या, "धाकटा नववीत आहे."

पैसे देऊन शिकणे हे पाप आहे, असे मला म्हणावयाचे नाही. ठरलेली, जाहीर केलेली फी पावती घेऊन भरणे ही एक गोष्ट, आणि पावतीशिवाय टेबलाखालून दिलेली देणगी ही दुसरी. दुसरीला कर्नाटकात १९८४ सालापासून कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रात १९८७ पासून आहे; ती देणारा आपल्या मुलाच्या शिक्षणाचा पहिला धडा खोटेपणाचा देतो. परंतु कायदेशीर फीच्या बाबतीतही एक प्रश्न उरतो. हे पैसे कोणाच्या नावाने वचन म्हणून दिले जात आहेत? कर्जाच्या कागदावर सही बाप करतो, पण ते फेडण्याचे वचन तो मुलीच्या वतीने देत असतो, आणि धाकट्या मुलाचा वाटाही त्यात न विचारता घालत असतो.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. ज्या डॉक्टरच्या डोक्यावर पहिल्या दिवशी कोटीच्या घरातील बोजा आहे, त्याला एखाद्या गरीब माणसाला "तुम्हाला या तपासणीची गरज नाही, घरी जा" असे सांगणे किती कठीण जाईल! पुष्कळ डॉक्टर हे कठीण काम प्रामाणिकपणे करतात, त्यांना माझा नमस्कार. पण सतरा वर्षांच्या मुलीला त्या मोहाच्या वाटेवर आपणच ढकलतो आहोत का, हे बापाने सही करण्यापूर्वी स्वतःला विचारले पाहिजे. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असा दृष्टांत लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. खर्च म्हटला की आपण रुपये मोजतो. मनावर पडणारा खर्चही त्याच हिशेबात धरावा.

परदेशी विद्यापीठांच्या नावांवर आलो. खर्च पुष्कळ कमी, प्रवेशाला फारशी अडचण नाही, एजंट घरी येऊन सर्व कागद करून देतो. मी म्हटले, "येथे आपण वचन देतो ते पुढे येणाऱ्या रोग्याला. तो आपल्या हाती जीव देणार, आणि आपण त्याला सांगणार की मी शिकून आले आहे."

हे वचन पाळता येईल की नाही, हे पाहण्याची साधने आहेत. परदेशी पदवी घेऊन आलेल्यांना येथे व्यवसाय करण्यापूर्वी परीक्षा द्यावी लागते. ही पद्धत २००२ साली सुरू झाली. तीनशे गुणांपैकी दीडशे मिळाले की माणूस उत्तीर्ण होतो. तरीही अनेक सत्रांत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण पाचात एकाच्या आसपास राहिले आहे. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला असावा लागतो, तेथे वर्षभर इंटर्नशिप करावी लागते आणि येथे येऊन पुन्हा करावी लागते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी अर्धे शिक्षण टाकून परत आले. त्या मुलांचा त्यात काही दोष नव्हता. पण कमी खर्चाच्या वाटेवरचे धोके त्या वर्षी साऱ्या देशाला दिसले.

एजंटला एवढेच विचारावे: तेथील रोगी कोणती भाषा बोलतात, आणि मुलगी ती भाषा कधी शिकणार? वर्गात इंग्रजी शिकवले तरी खाटेवरचा रोगी रशियन बोलत असेल, तर त्याच्या पोटात कोठे व कधीपासून दुखते हे ती कशी विचारणार? रोग्याशी बोलता न येता जो डॉक्टर होतो, तो पुस्तकातला डॉक्टर होतो. ही अडचण ओळखून, भाषा शिकून, नीट अभ्यास करून आलेली मुलेही आहेत आणि ती चांगली सेवा करीत आहेत. तेव्हा परदेश हे नाव वहीतून सरसकट खोडावे असे मी म्हणत नाही. मात्र "येथे जमले नाही म्हणून तेथे" एवढेच कारण असेल तर ते पुरेसे नाही.

येथे आनंदीबाई जोशींची आठवण होते. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अठराच्या आसपास होते. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या महाविद्यालयात उभे राहून, आपण परदेशी का जात आहोत, येथेच का शिकत नाही, याचा त्यांनी लोकांपुढे खुलासा केला. आज आपल्यापैकी किती मुलांना, मी याच ठिकाणी अर्ज का करीत आहे, हे चार माणसांपुढे सांगता येईल?

आनंदीबाईंच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. १८८० च्या सुमारास त्यांचे पती गोपाळराव यांनी मदतीसाठी रेव्ह. रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर हे कोल्हापुरात मिशनकार्य करून अमेरिकेला परत गेलेले होते. त्यांनी उत्तरात ख्रिस्ती होण्याची गोष्ट काढली. जोशी पतिपत्नींनी ती मानली नाही. तो पत्रव्यवहार छापून आला, तो वाचून अमेरिकेतील कार्पेंटरबाईंनी आपण होऊन मैत्रीचा हात पुढे केला, आणि आनंदीबाई आपला धर्म न बदलता फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८८६ साली पदवीधर झाल्या. ज्यावर विश्वास नाही त्याची कबुली त्यांनी एका जागेसाठी दिली नाही.

हे मी अशासाठी सांगतो की, आज आमच्या मंडळ्यांच्या दफ्तरात नेमके उलटे घडते. ख्रिस्ती अल्पसंख्याक जागांसाठी सभासदत्वाचा दाखला लागतो. वर्षानुवर्षे ज्यांचे पाऊल चर्चला लागले नाही, अशी कुटुंबे मे महिन्यात येतात, थकलेली वर्गणी एकदम भरतात, आणि "नियमित सभासद" असे लिहून मागतात. पाळकसाहेबांना नाही म्हणवत नाही. आपण समजतो की एका मुलाचे भले झाले. परंतु ती जागा हवेतून येत नाही. मंडळीत खरोखर वाढलेल्या एखाद्या गरीब घरच्या मुलाची ती असते, आणि त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते म्हणून आपले मन शांत राहते. जो दाखला खोटा आहे तो लिहून देऊ नये, इतके साधे हे आहे. परत येणाऱ्या कुटुंबाचे स्वागत जरूर करावे. पण स्वागत वेगळे, दाखला वेगळा.

आमच्या या गृहस्थांच्या बाबतीत हा प्रश्न नव्हता. ते नियमाने येणारे. त्यांचा प्रश्न निराळा होता. ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत, वेल्लोरसारख्या ठिकाणी, मंडळी किंवा मिशन संस्था ज्यांची शिफारस करतात अशा मुलांसाठी काही जागा असतात. त्या मुलांनी पदवीनंतर साधारण दोन वर्षे गरज असलेल्या मिशन इस्पितळात काम करावे, अशी अट असते. वडील म्हणाले, "आता सही करू, मास्तर. पुढचे पुढे. नाहीतरी बाँडचे पैसे भरले की सुटका असतेच."

मी मुलीला विचारले, "पोरी, दोन वर्षे आडगावच्या इस्पितळात जाशील?" ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "माहीत नाही, सर."

तेव्हा मी त्यांना माझी एक चूक सांगितली, ती येथेही लिहितो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका हुशार मुलाच्या शिफारशीवर मी वडील या नात्याने सही केली. त्याला मी एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या घरचे ओळखीचे होते, मुलगा गुणी होता, एवढे मला पुरे वाटले. पदवी मिळाल्यावर त्याला पुढील शिक्षणाची संधी आली. त्याने बाँडची रक्कम भरली आणि तो गेला. काही महिन्यांनी, ज्या इस्पितळात तो यावयाचा होता तेथून मला एक छोटे पत्र आले. त्यात राग नव्हता. डॉक्टरची जागा रिकामी आहे, तुमच्या माहितीत दुसरे कोणी असल्यास कळवावे, इतकेच होते. तो मुलगा आज चांगला डॉक्टर आहे, नाताळात मला आठवणीने शुभेच्छा पाठवतो. मी त्याला दोष देत नाही. सही माझी होती.

पैसे भरले म्हणजे वचन फिटले का, हा खरा नैतिक प्रश्न आहे, आणि सुशिक्षित माणसेही त्याचे उत्तर "हो" असे देतात. ते म्हणतात, करारातच दोन पर्याय आहेत: सेवा करा किंवा रक्कम भरा, मग दुसरा पर्याय निवडण्यात अप्रामाणिकपणा कसला? कायद्याच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे. परंतु शिफारसपत्रात आपण काय लिहिले होते? "हा उमेदवार सेवेसाठी येईल" असे. "हा उमेदवार सेवेसाठी येईल किंवा पैसे भरील" असे लिहिले असते, तर ती शिफारस कोणी स्वीकारली असती का? रक्कम खात्यात जमा झाली. पण रात्री अडलेल्या बाळंतिणीपाशी उभे राहावयाला रक्कम येत नाही. आणि त्या जागेवर दुसरे एखादे मूल, कदाचित दहा गुण कमी असलेले, पण खरोखर जाणारे, बसू शकले असते. त्याची भरपाई कोणत्या रकमेने होते?

यावर एक उलट मुद्दा निघतो आणि तो खरा आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पुढील सात वर्षांचे काय कळणार? आई आजारी पडेल, लग्न होईल, मन बदलेल. अशा वयात बांधून घेणे न्यायाचे आहे का? माझे उत्तर असे की, वचन म्हणजे भविष्य सांगणे नव्हे. आज माझ्या मनात जाण्याचा खरा हेतू आहे, आणि पुढे खरीच अडचण आली तर मी तोंड लपवणार नाही, समोर जाऊन सांगेन आणि दुसऱ्या रीतीने भरून देईन, एवढेच वचन माणूस देऊ शकतो. जो आजच मनात म्हणतो, "पुढे पैसे भरू," त्याने वचन मोडलेले नाही. त्याने ते दिलेलेच नाही. त्याने नुसती सही केली आहे.

कोणी म्हणेल, हे सारे उपदेश मध्यम गुणांच्या मुलांनाच का? पहिल्या आलेल्याला कोणी विचारत नाही की तू का शिकतोस. हे खरे आहे आणि ते बरोबर नाही. सरकारी जागेवर शिकणाऱ्याची फी थोडी असते, कारण बाकीचा खर्च लोकांच्या करातून होतो; त्यात आमच्या मंडळीतल्या भाजी विकणाऱ्या म्हातारीने काडेपेटीवर भरलेला करही आला. तोही वचनबद्ध आहे. अनेक राज्यांत सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला काही काळ ग्रामीण सेवेची अट असते, आणि तेथेही पैसे भरून सुटण्याची चढाओढ दिसते. फरक इतकाच की, भरपूर गुण असलेल्याच्या पुढे दारे उघडी असतात, म्हणून तो कोणतेही वचन न देता आत जातो असे त्याला वाटते. मध्यम गुणांच्या मुलाला प्रत्येक दाराशी काहीतरी कबूल करावे लागते. म्हणून त्याला मोह अधिक, आणि विचार करण्याची संधीही अधिक.

'मध्यम' या शब्दाची आपल्याला फार लाज वाटते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टांतात धन्याने एका चाकराला पाच वाटे दिले, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. आपण पाचवाल्याचे कौतुक करतो आणि एकवाल्यावर प्रवचन ऐकतो. मधल्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु त्या अध्यायात नीट पाहा: दोनवाल्याला मिळालेली शाबासकी पाचवाल्याच्या शाबासकीहून एका शब्दानेही कमी नाही. तुझे पाच का झाले नाहीत, असे धनी त्याला विचारीत नाही.

वैद्यकीच्या इतिहासातही हे दिसते. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले आणि १८९७ पासून तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू केले. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली, ती पदवीची नव्हती, एल.एम.पी. म्हणजे परवानाधारक वैद्य तयार करणारी होती. एम.बी.बी.एस. तेथे १९४२ साली आले. मुंबई इलाख्यात एल.सी.पी.एस. झालेले डॉक्टर गावोगाव असत. पदवीधरांपुढे यांना दुय्यम मानीत. पुढे १९४६ साली भोर समितीने सर्व डॉक्टरांसाठी एकच दर्जा असावा अशी शिफारस केली आणि ते अभ्यासक्रम बंद झाले. परंतु त्या काळातील खेड्यापाड्यांनी, मिशन इस्पितळांनी जे डॉक्टर पाहिले त्यांत या 'दुय्यम' मंडळींचा वाटा मोठा होता. आणि जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम उभारले, ते तर ज्यांना शाळेचे तोंडही पाहता आले नव्हते अशा खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका करून. स्वतः दोघे वेल्लोरचे उत्तम डॉक्टर होते. तरी बाळे वाचवण्याचे पुष्कळसे काम या बायांनी केले.

मात्र यातून खोटे समाधान काढू नये. गुणांना काहीच अर्थ नाही, असे सांगणे म्हणजे मुलांची फसवणूक आहे. परीक्षा अभ्यासाची सवय, समज आणि चिकाटी दाखवते, आणि डॉक्टरला तिन्ही लागतात. परंतु १८० प्रश्नांची परीक्षा, रात्री दोन वाजता बोलावले तर हे मूल चिडेल की उठेल, ते दाखवत नाही. तसेच, "देवाची इच्छा असेल तर मिळेल" असे म्हणून आपली जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. अर्ज आपण करतो, सही आपण करतो.

त्या बुधवारी नर्सिंगचे नाव मुलीनेच काढले. ते वहीत नव्हते. आई ताडकन म्हणाल्या, "नको. तीस वर्षे मी हेच केले. लोक कसे बोलतात ते मला ठाऊक आहे. माझ्या मुलीने डॉक्टरच व्हावे." खोलीत कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "आई, तू काय करतेस ते मी लहानपणापासून बघते. म्हणूनच म्हटले."

सिस्टरांच्या बोलण्यातील दुःख खोटे नव्हते, आणि ते दुःख त्यांना समाजाने दिले आहे. त्यात आपली मंडळीही आली. तेव्हा त्यांना उपदेश करण्याचा मला अधिकार नव्हता. मी एवढेच सुचवले की, कोठेही सही करण्यापूर्वी आई व मुलगी यांनी एखाद्या लहान मिशन इस्पितळात चार दिवस राहून यावे. त्या गेल्या. परत आल्यावर वहीत चार नावे राहिली: राज्याच्या फेऱ्या, पण फीची मर्यादा घरच्यांनी आधी ठरवून, दंतवैद्यकी, नर्सिंगची पदवी, आणि यांतले काहीच न जमल्यास एक वर्ष पुन्हा, एकच. राज्याच्या फेरीत एम.बी.बी.एस.ची जागा परवडणाऱ्या फीत मिळाली नाही, दंतवैद्यकीची मिळत होती. मुलीने नर्सिंग घेतले, आणि ज्या इस्पितळात ती राहून आली होती त्याच्याच शिफारशीवर, सेवेची अट मान्य करून. मंडळीचे पत्र मी लिहिले. ते लिहिताना या वेळी माझा हात थांबला नाही.

हे उदाहरण सर्वांनी गिरवावे म्हणून मी सांगत नाही. त्याच वर्षी आमच्याच मंडळीतील एका मुलाला जवळजवळ तितकेच गुण होते. त्याने घरी राहून एक वर्ष पुन्हा अभ्यास केला. आईवडिलांनी त्याला आधीच सांगितले होते की, निकाल काहीही लागो, जेवणाच्या ताटावर त्याचा हिशेब होणार नाही. २०२५ साली त्याला सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्याचाही निर्णय योग्यच होता. मात्र जे आईबाप मुलाला दूरच्या शिकवणीच्या गावी एकटे ठेवून वर्षामागून वर्ष थांबवतात, त्यांनी २०२३ साली कोट्यात वीसहून अधिक मुलांनी जीव दिला, हे ध्यानात ठेवावे. कोणतीही जागा मुलाहून मोठी नाही, हे वचन आईबापांनी मुलाला आधी द्यावयाचे असते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना शेवटी एक विनंती. जूनमधल्या गुणगौरवाच्या रविवारी आपण नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलांना पुढे बोलावतो, टाळ्या वाजवतो. साठ-सत्तर टक्क्यांची मुले मागच्या बाकावर बसून त्या टाळ्या ऐकतात. पुढच्या वर्षी त्यांनाही पुढे बोलवा. आणि वर्गात लहानपणापासून एक सवय लावा: "उद्या फुले आणीन" असे जे मूल म्हणते, त्याला दुसऱ्या रविवारी प्रेमाने फुलांची आठवण करा. फुले आणली नसतील तर रागावू नका. पण विसरूही नका. पुढे कधीतरी त्याच्या हाती एक छापील अर्ज येईल आणि खाली सहीची जागा असेल. त्या जागेवर आपण काय लिहितो आहोत, हे त्याला तेव्हा कळावे, एवढ्यासाठी.